३५०८ आणि २३८०



आज मी तुमच्यासमोर दोन आकडे ठेवणार आहे: ३५०८ आणि २३८०. दोन्हींचं एकक हर्ट्झ. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची शिकवण्याची तऱ्हा इथल्या अनेकांना ठाऊक आहे. फळ्यावर आधी आकडा लिहायचा, मग ‘हा एवढाच का?’ असं विचारायचं आणि गप्प उभं राहायचं. आजचा तास त्याच पद्धतीने घ्यावा असं ठरवलं आहे. फक्त मी गप्प राहणार नाही, कारण आयोजकांनी मला बोलायला बोलावलं आहे.

हे आकडे एकाच रासायनिक सूत्राच्या दोन पदार्थांचे आहेत. चौकोनाच्या मधोमध प्लॅटिनमचा एक अणू आहे. चार कोपऱ्यांपैकी दोन क्लोरीनचे, दोन ट्रायब्युटिलफॉस्फीनचे. दोन फॉस्फीन शेजारशेजारच्या कोपऱ्यांवर असले तर तो सिस, समोरासमोर असले तर ट्रान्स. अणू तेच, तेवढेच, बसण्याची जागा मात्र वेगळी. एनएमआर यंत्रात घातल्यावर सिसमध्ये प्लॅटिनम आणि फॉस्फरस यांच्यातला कपलिंग कॉन्स्टंट ३५०८ हर्ट्झ मिळतो, ट्रान्समध्ये २३८०. एक दुसऱ्याच्या जवळजवळ दीडपट. एवढा फरक नुसत्या जागेच्या अदलाबदलीने का पडावा, यावर रसायनशास्त्रज्ञांनी बराच वाद घातला. मला तो वाद फार आवडतो, कारण तो अगदी शाळकरी गणिताने निकाली निघाला.

आधी फॉस्फीनबद्दल. हा शब्द ऐकला की शेतकऱ्याला आणि धान्याच्या व्यापाऱ्याला कोठारात ठेवायच्या विषारी गोळ्या आठवतील. हवेतल्या ओलाव्याने त्या गोळ्यांतून जो वायू सुटतो तोच फॉस्फीन: एक फॉस्फरस, तीन हायड्रोजन. या तीन हायड्रोजनांच्या जागी कार्बनचे मोठे गट बसवले की त्याचा स्वभाव बदलतो. तीन फेनिल गट बसवून होणारा ट्रायफेनिलफॉस्फीन हा पांढरा, स्फटिकी, बाटलीत निवांत पडून राहणारा पदार्थ आहे. पण एक गोष्ट सगळ्या फॉस्फीनांत सारखी असते. फॉस्फरसकडे इलेक्ट्रॉनांची एक जोडी न वापरलेली राहते, आणि ती तो धातूला देऊ शकतो. धातू ती स्वीकारतो आणि दोघांत बंध तयार होतो. असा फॉस्फीनांनी वेढलेला पॅलॅडियम, ऱ्होडियम किंवा प्लॅटिनम सेंद्रिय द्रावकात विरघळतो आणि रेणू जोडायची, तोडायची कामं करतो.

इथे रक्तदाबाची गोळी घेणारे बरेच जण असतील. त्यातल्या काहींची गोळी लोसार्टनची असेल. मर्क कंपनीने लोसार्टन बनवण्याची जी कृती प्रसिद्ध केली तिच्यात बेंझिनची दोन कडी एकमेकांना जोडण्याचं काम पॅलॅडियम आणि ट्रायफेनिलफॉस्फीन मिळून करतात. ही सुझुकी विक्रिया. तिच्यासाठी आणि तिच्या भावंडांसाठी २०१० चं नोबेल पारितोषिक हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना मिळालं. तेव्हा धातू आणि फॉस्फरस यांच्यातला बंध हा विषय तुमच्यापासून फार लांबचा नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या मंडळींना तर हे मी सांगायची गरजच नाही.

आता प्रश्न असा की हा बंध आहे कसा? फॉस्फरस इलेक्ट्रॉनांची जोडी धातूला देतो, हा सिग्मा बंध. त्यावर कुणाचा आक्षेप नाही. पण धातूकडेही डी-ऑर्बिटलमध्ये इलेक्ट्रॉन असतात. त्यातले काही तो फॉस्फरसकडे परत सरकवतो का? सरकवत असेल तर तो पाय बंध. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये जोसेफ चॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या परतीच्या देण्याला खूप महत्त्व दिलं. कल्पना देखणी होती, अनेक गोष्टींचा उलगडा करणारी होती आणि म्हणून ती लवकर लोकप्रिय झाली. अडचण एकच. इलेक्ट्रॉन परत जाताना कुणाला दिसत नाहीत. पुरावा आडमार्गाने मिळवावा लागतो, आणि असा पुरावा म्हणूनच कपलिंग कॉन्स्टंट या वादात आला.

एनएमआरचा शोध १९४५-४६ मधला. हार्वर्डला एडवर्ड पर्सेल आणि स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख यांनी तो स्वतंत्रपणे लावला आणि १९५२ चं भौतिकीचं नोबेल दोघांना विभागून मिळालं. ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत तेव्हा एक भारतीय होता, एस. एस. धर्मट्टी. जेम्स आर्नल्ड आणि मार्टिन पॅकार्ड यांच्याबरोबर १९५१ साली त्यांनी साध्या इथिल अल्कोहोलचा वर्णपट प्रसिद्ध केला. त्यात एकाऐवजी तीन शिखरं आली आणि त्यांची क्षेत्रफळं तीनास दोनास एक अशी. मिथिल गटातले तीन हायड्रोजन, मिथिलीनमधले दोन, हायड्रॉक्सिलचा एक. रेणूत कोणता हायड्रोजन कुठे बसला आहे हे रेणू न मोडता वाचता येतं, असं रसायनशास्त्रज्ञांना त्या चित्राने पटवलं. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ते चित्र छापलेलं असतं. त्याखालच्या तीन नावांतलं मधलं नाव आपल्या मुलांना कुणी मुद्दाम वाचून दाखवत नाही, म्हणून मी आज दाखवतो आहे.

हेच धर्मट्टी पुढे भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तिथे एनएमआरचा गट उभा केला. संस्था तेव्हा कुलाब्याच्या टोकाला नव्हती. १९४९ पासून ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. कुलाब्याच्या वास्तूचं उद्घाटन नेहरूंच्या हस्ते झालं ते १९६२ मध्ये. म्हणजे आपल्या विरार लोकलचा शेवटचा थांबा चर्चगेट. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर या विद्येचं भारतातलं एक सुरुवातीचं घर होतं. पुढे त्याच संस्थेत उच्च चुंबकीय क्षेत्राच्या एनएमआरची राष्ट्रीय सुविधाही झाली.

यंत्र करतं काय ते सांगतो. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्यानंतर इथल्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रभरच्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे. घंटेवर टोला दिला की ती आपल्या ठरलेल्या सुरात घुमते आणि हळूहळू विरते. अणुकेंद्रांचंही तसंच. फॉस्फरस-३१ चं केंद्रक हे एक चिमुकलं चुंबक आहे. त्याला मोठ्या चुंबकात ठेवून रेडिओलहरीचा टोला द्यायचा आणि ते कोणत्या कंप्रतेने घुमतं ते नोंदवायचं. निसर्गातला सगळा फॉस्फरस याच एका समस्थानिकाचा, शंभर टक्के, त्यामुळे त्याचा आवाज खणखणीत येतो.

शेजारी दुसरं चुंबकी केंद्रक असेल तर फॉस्फरसचा एक सूर दोन सुरांत फुटतो. दोघांतलं अंतर हर्ट्झमध्ये मोजलं की तो कपलिंग कॉन्स्टंट. हा फुटण्याचा प्रकार ब्लॉख यांच्याच प्रयोगशाळेत प्रॉक्टर आणि यू यांना अँटिमनीच्या एका संयुगात दिसला होता. इलिनॉयमध्ये गुटोव्स्की, मॅकॉल आणि स्लिक्टर यांनी तो नीट तपासला. हान आणि मॅक्सवेल यांनीही. सगळ्यांना चक्रावणारी बाब अशी की चुंबक दुप्पट शक्तीचं केलं तरी हे अंतर बदलत नाही. म्हणजे त्याचं मूळ बाहेरच्या चुंबकात नाही, रेणूच्या आतच आहे. १९५२ मध्ये रॅमसे आणि पर्सेल यांनी उत्तर दिलं: एका केंद्रकाची दिशा बंधातल्या इलेक्ट्रॉनांना कळते आणि त्यांच्यामार्फत ती दुसऱ्या केंद्रकापर्यंत पोचते. निरोप बंधातून जातो.

इथे एक बारकावा आहे आणि आजच्या व्याख्यानाचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. केंद्रकाचा निरोप इलेक्ट्रॉनला नीट मिळायचा तर इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या ठिकाणीच सापडायला हवा. पी आणि डी ऑर्बिटलमधल्या इलेक्ट्रॉनची केंद्रकाच्या जागी सापडण्याची शक्यता शून्य असते. ती शून्य नसते फक्त एस-ऑर्बिटलमध्ये. या स्पर्शाला फर्मी संपर्क म्हणतात. प्लॅटिनम-फॉस्फरससारख्या थेट जोडीत कपलिंगचा मोठा भाग या संपर्कातून येतो. म्हणजे हा आकडा मुख्यतः एकच गोष्ट सांगतो: बंधात दोन्ही बाजूंच्या एस-ऑर्बिटलचा वाटा किती. पॉपल आणि सॅन्ट्री यांनी १९६४ मध्ये त्याचं सूत्रही दिलं. पाय बंधात एस-ऑर्बिटल नसतंच. मग या आकड्याला पाय बंधाबद्दल विचारणं कितपत रास्त आहे? पण विचारलं गेलं, आणि उत्तर मिळालं असं समजून पुढे जाणारेही बरेच होते.

आता पुन्हा प्लॅटिनमकडे. निसर्गातल्या प्लॅटिनमपैकी ३३.८ टक्के प्लॅटिनम-१९५ आहे आणि या वादात बोलणारा तेवढाच. उरलेले समस्थानिक इथे गप्प असतात. त्यामुळे फॉस्फरसच्या वर्णपटात मध्ये एक उंच रेषा येते, गप्प प्लॅटिनमला चिकटलेल्या फॉस्फरसची. तिच्या दोन बाजूंना एकेक बुटकी रेषा, बोलक्या प्लॅटिनमच्या शेजाऱ्यांची. उंचीचं प्रमाण साधारण एकास चारास एक. ज्यांनी हा वर्णपट एकदा पाहिला ते तो पुन्हा ओळखायला चुकत नाहीत. दोन बुटक्या रेषांमधलं अंतर मोजायचं. सिसमध्ये ते ३५०८ भरतं, ट्रान्समध्ये २३८०.

पाय-पक्षाचं म्हणणं असं होतं. ट्रान्समध्ये दोन फॉस्फरस समोरासमोर आहेत, म्हणजे प्लॅटिनमच्या त्याच डी-इलेक्ट्रॉनांवर दोघांचा डोळा. वाटणी होते, पाय बंध अशक्त राहतो. सिसमध्ये प्रत्येक फॉस्फरससमोर क्लोरीन आहे आणि क्लोरीनला ते इलेक्ट्रॉन नको आहेत. म्हणून सिसमध्ये पाय बंध जास्त, त्यामुळे एकूण बंध घट्ट, त्यामुळे कपलिंग मोठं. ऐकायला पटतं. परीक्षेत लिहिलं तर गुणही मिळाले असते.

ऑक्सफर्डच्या पिडकॉक, रिचर्ड्स आणि वेनान्झी यांनी १९६६ मध्ये हे म्हणणं तपासायला एक सोपी युक्ती काढली. वरच्या दोन्ही संयुगांत प्लॅटिनमची ऑक्सिडेशन अवस्था दोन आहे. त्यांनी शेजारी चार अवस्थेतल्या प्लॅटिनमची संयुगं ठेवली: दोनऐवजी चार क्लोरीन, फॉस्फीन तेच दोन. चार अवस्थेतला प्लॅटिनम आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून बसतो, परत द्यायला फारसा राजी नसतो. म्हणजे दीडपटीचं कारण पाय बंध असेल तर इथे सिस-ट्रान्समधला फरक जवळजवळ मिटायला हवा.

मोजलं. सिस २०७०, ट्रान्स १४६२. आता इथल्या मुलांनी मोबाइल काढा आणि भागाकार करा. ३५०८ भागिले २३८० म्हणजे १.४७. २०७० भागिले १४६२ म्हणजे १.४२. फरक मिटला तर नाहीच, जवळजवळ तेवढाच राहिला.

भागाकार उलट दिशेनेही करून बघा. दोन अवस्थेतल्या प्लॅटिनमभोवती चार बंध आहेत आणि एक एस-ऑर्बिटल त्या चौघांत वाटलं जातं, म्हणजे प्रत्येकाला एक चतुर्थांश. चार अवस्थेत बंध सहा, वाटा एक षष्ठांश. एक षष्ठांश हा एक चतुर्थांशाच्या ०.६७ पट. प्रत्यक्षात सिसचा आकडा ०.५९ पट झाला, ट्रान्सचा ०.६१ पट. इतक्या ढोबळ हिशेबाला ही जुळणी पुष्कळ झाली. कपलिंग एस-वाट्याच्या मागे चाललं आहे, पायच्या मागे नाही.

मग सिस-ट्रान्सच्या दीडपटीचं काय? समोरासमोरचे दोन लिगँड, म्हणजे धातूला जोडलेले गट, धातूच्या एकाच एस-ऑर्बिटलवर हक्क सांगतात. फॉस्फरसचा हक्क जोरकस, क्लोरीनचा नरम. ट्रान्समध्ये दोन जोरकस समोरासमोर येतात आणि निम्मं-निम्मं करतात. सिसमध्ये समोर क्लोरीन असतो, तो फारसा भांडत नाही, फॉस्फरसच्या पदरी जास्त पडतं. भांडण तेच, फक्त डी-इलेक्ट्रॉनांवरून उचलून एस-ऑर्बिटलवर आणलं. समोरच्या लिगँडने आपल्या पलीकडच्या बंधावर टाकलेल्या या दाबाला या तिघांनी ट्रान्स इन्फ्लुअन्स म्हटलं. रशियात चेर्न्याएव यांनी १९२६ मध्ये सांगितलेला ट्रान्स इफेक्ट हा विक्रियेच्या वेगाबद्दल होता. हे दोन वेगळे ठेवणं हीही त्या निबंधाची कमाई.

क्ष-किरणांनीही दुजोरा दिला. मेसमर आणि अम्मा यांच्या मोजणीनुसार अशाच ट्रान्स संयुगात प्लॅटिनम-फॉस्फरस अंतर सुमारे २.३० अँगस्ट्रॉम, सिसमध्ये सुमारे २.२५. कपलिंग मोठं तिथे बंध आखूड. क्लोरीनच्या जागी मिथिल गट आणला तर तो फॉस्फरसपेक्षाही हट्टी. त्याच्यासमोरच्या फॉस्फरसचं कपलिंग १९०० च्या आसपास घसरतं. वर्णपटावरून नुसती नजर फिरवून समोर कोण बसलं आहे ते ओळखता येतं.

टंगस्टनमध्ये हाच वाद पुन्हा रंगला. ग्रिम, व्हीटलंड आणि मॅकफार्लेन यांनी १९६७ मध्ये टंगस्टन कार्बोनिलच्या फॉस्फीन संयुगांचे आकडे दिले. ट्रायब्युटिलफॉस्फीनला सुमारे २०० हर्ट्झ. फॉस्फरसला ऑक्सिजन जोडलेले फॉस्फाइट घेतले की आकडा ४०० च्या घरात जातो. फॉस्फाइट पाय बंधात इलेक्ट्रॉन जास्त घेतात, म्हणून आकडा मोठा, असं म्हणण्याचा मोह होतोच. पण ऑक्सिजनसारखा इलेक्ट्रॉन ओढणारा अणू जोडला की फॉस्फरसच्या मोकळ्या जोडीतला एस-वाटाही वाढतो. दोन्ही कारणं एकाच दिशेला ओढतात, आणि टंगस्टनच्या एकट्या आकड्यांवरून त्यांना वेगळं करता येत नाही. प्लॅटिनमच्या बाबतीत ती सोय झाली, कारण तिथे एक कारण जवळजवळ बंद करता आलं.

आता आपल्याकडचं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ चौधरी आणि त्यांचे सहकारी ऱ्होडियम-फॉस्फीन उत्प्रेरकांवर बरीच वर्षं काम करत होते. जर्मनीत १९८४ पासून एक कारखाना असा चालतो की ऱ्होडियम पाण्यात ठेवायचा. त्यासाठी ट्रायफेनिलफॉस्फीनला सल्फोनेट गट लावून तो पाण्यात विरघळणारा केला. तयार माल तेलासारखा वर तरंगतो, महागडा ऱ्होडियम खाली पाण्यात राहतो, वेगळं करणं सोपं. प्रोपीनला हे चालतं, तो पाण्यात थोडाफार जातो. ऑक्टीनसारखा लांब रेणू पाण्यात जातच नाही आणि विक्रिया रेंगाळते. चौधरी, भालचंद्र भानगे, देशपांडे आणि फ्रान्सचे डेलमा यांनी १९९५ च्या ‘नेचर’मध्ये उपाय सांगितला: वरच्या थरात साधा ट्रायफेनिलफॉस्फीन टाका. तो ऱ्होडियमला दोन थरांच्या सीमेवर ओढून धरतो. वेग अनेक पटींनी वाढला. भानगे पुढे मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आपल्या जुन्या यूडीसीटीत, प्राध्यापक झाले.

अशा मिश्रणात कोणता फॉस्फीन धातूला धरून आहे आणि कोणता मोकळा फिरतो, हे कळायला कपलिंगइतकं सोपं साधन नाही. ऱ्होडियम-१०३ निसर्गात शंभर टक्के आणि बोलका. त्यामुळे ऱ्होडियमला चिकटलेल्या फॉस्फरसची रेषा नेहमी दुभंगते, मोकळ्याची अखंड राहते. विल्किन्सन यांचा प्रसिद्ध उत्प्रेरक घ्या: एक ऱ्होडियम, एक क्लोरीन, तीन ट्रायफेनिलफॉस्फीन. क्लोरीनसमोरच्या फॉस्फरसचं ऱ्होडियमशी कपलिंग सुमारे १९० हर्ट्झ, एकमेकांसमोरच्या दोघांचं सुमारे १४०, आणि फॉस्फरस-फॉस्फरसमधलं ३८. पुन्हा तीच गोष्ट: समोर क्लोरीन तर आकडा मोठा, समोर फॉस्फरस तर लहान. प्लॅटिनमवरून शिकलेलं ऱ्होडियमवर वाचता येतं. एक पथ्य मात्र पाळायचं. फॉस्फीन धातूवरून फार वेगाने येत-जात असेल तर दुभंग पुसला जातो आणि रेषा एकच दिसते. तेव्हा नमुना थंड करून पुन्हा बघावं.

वर्तक किंवा विवा कॉलेजात बी.एस्सी., एम.एस्सी. करणाऱ्या मुलांना यातलं बरंच पवईत बघता येईल. आयआयटीत एम. एस. बालकृष्ण यांचा गट फॉस्फरसचे नवनवे लिगँड बनवून धातूंना जोडतो. तिथल्याच सैफ या उपकरण सुविधेत बाहेरच्या संस्थांचे नमुनेही घेतले जातात. प्रेगोसिन आणि कुन्झ यांचं १९७९ चं छोटं पुस्तक आहे, याच संयुगांच्या एनएमआरवर. ग्रंथालयात मिळालं तर त्यातल्या कोष्टकांत एक दुपार घालवा. कोष्टक वाचायला कंटाळवाणं असतं हा गैरसमज आहे.

आणि पाय बंध? तो खोटा ठरला असं कुणी घरी जाऊन सांगू नका. १९६६ च्या भागाकाराने एवढंच दाखवलं की या आकड्यातून तो दिसत नाही. त्याचा पत्ता दुसरीकडे लागला. १९८५ मध्ये ब्रिस्टलच्या ऑर्पेन आणि कॉनेली यांनी स्फटिकांच्या जोड्या तपासल्या. रेणू तोच, पण एकात एक इलेक्ट्रॉन कमी. धातूकडचा इलेक्ट्रॉन काढला की धातू-फॉस्फरस बंध लांबतो आणि त्याच वेळी फॉस्फरस-कार्बन बंध आखडतो. याचा अर्थ असा की धातू जे इलेक्ट्रॉन परत देत होता ते फॉस्फरस-कार्बन बंधाच्या प्रतिबंधी ऑर्बिटलमध्ये जात होते. चॅट यांच्या काळी मानलं होतं तसं फॉस्फरसच्या रिकाम्या डी-ऑर्बिटलमध्ये नव्हे. परतीचं देणं खरं निघालं, जाण्याची खोली चुकीची होती.

३५०८ चा आकडा गणिताने पहिल्या तत्त्वांपासून काढायचा तर आजही सोपं नाही. प्लॅटिनमचे आतले इलेक्ट्रॉन इतके वेगवान की आइन्स्टाइनची सापेक्षता हिशेबात धरावी लागते. ऑटश्बाख आणि झीगलर यांनी २००० च्या सुमारास ते करून दाखवलं, आणि जड धातूंच्या काही संयुगांत द्रावकाचे रेणूही गणितात घेतल्याशिवाय प्रयोगाशी मेळ बसत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. प्रश्न असतील तर विचारा. फळा पुसू नका, भागाकार कुणाचा चुकला असेल तर इथेच बघू.